दिवेआगरच्या वाडीतली बाळंतीण

दिवेआगरहून काय आणलंत, असं पुण्यात जो भेटतो तो विचारतो. ‘एक गोम,’ असं मी सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो. त्याला सुपारी हवी असते, निदान एखादा नारळ. माझी बायको शेजारणींना सांगते की लोक कोकणात देवाला जातात, आमचे हे गोमेला गेले. आणि एकदा जाऊन भागलं नाही म्हणून पुन्हा गेले. तिचं म्हणणं खरं आहे. दोन्ही खेपांची हकीकत एकदाच सांगून टाकली म्हणजे रस्त्यात अडवून विचारणाऱ्यांचा आणि माझा, दोघांचाही वेळ वाचेल, म्हणून हे लिहितो आहे.

माझा पोटापाण्याचा उद्योग कॉलेजात मुलांना बेडूक फाडून दाखवण्याचा. जीव मात्र जडला आहे मातीत राहणाऱ्या गोमांवर. भिंतीवरून सरसर पळते आणि जिला पाहून घरची माणसं पाटावर चढतात, ती ही नव्हे. ही बिचारी आंधळी, सुतळीच्या तुकड्यासारखी बारीक, जन्मभर मातीखाली राहणारी. माझा वर्गमित्र बापू कॉलेज सोडून दिवेआगरला घरची सुपारीची वाडी सांभाळायला गेला. त्यानं मागं एकदा माझ्या परसासाठी सुपारीची रोपं पाठवली. पुण्याच्या कोरड्या हवेत ती आठवडाभरही टिकली नाहीत. पण त्यांच्या मुळांच्या मातीत मला एका गोमेचं अर्धं अंग मिळालं.

त्या अर्ध्या अंगाचं डोकं भिंगाखाली धरलं आणि मी जेवायचं विसरलो. जबडा असा की कुठल्याच पुस्तकात बसेना. नवी जात सापडली तर माणूस खूष होतो, पण ही नुसती नवी जात नव्हती. जवळच्या जातींचं मिळून एक घराणं बनतं, त्याला शास्त्रात जीनस म्हणतात, आणि इथं ते घराणंच नवं दिसत होतं. आमच्या विभागाच्या मुख्यांनी भिंगातून पाहिलं, मान डोलावली आणि सांगितलं की नुसत्या डोक्यावरून घराणं ठरत नाही. शेवटच्या पायांच्या बुडाशी काय आहे ते पाहावं लागतं, आणि शेवटचे पाय तर तुमच्याजवळ नाहीत. वर हेही सांगितलं की परदेशात एक गृहस्थ आपल्या किनाऱ्यावरच्या गोमांच्याच मागं आहेत, त्यांना अख्खी मिळाली तर नाव त्यांचं लागेल. तेव्हा या वर्षात अख्खी आणा, नाहीतर हा नाद सोडा आणि बेडकांकडे लक्ष द्या. दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी मी ट्रंक भरली.

मुरुड

आगबोटीचं वर्णन मी करणार नाही, कारण तिच्यावर असताना माझे डोळे मिटलेले होते आणि हातात बादली होती. मुरुडला आगबोट किनाऱ्याला लागत नाही. ती दूर उभी राहते, माणसांना न्यायला पडाव येतो, आणि पडावही जिथं टेकतो तिथून पुढं कमरेइतक्या पाण्यातून दुसऱ्याच्या खांद्यावर बसून उतरायचं असतं. मला टांग्याची पायरीसुद्धा उंच वाटते. ज्या कोळ्याच्या खांद्यावर मी बसलो तो उघडाबंब, आडव्या अंगाचा आणि फार शांत स्वभावाचा माणूस होता. पाण्यात उतरल्यावर थोडा वेळ त्यानं सहन केलं, मग मला म्हणाला, “मान नको आवळू, डोकी धर. मान माजी हाय, बोटीचा दोर न्हाय.”

मी डोकं धरलं. माझी ट्रंक मागून दुसऱ्या गड्याच्या डोक्यावर येत होती. वाळूवर आल्यावर त्यानं ती जरा जोरात टेकवली आणि आतून काच फुटल्याचा आवाज आला. गोम सापडली की ती बुडवून ठेवायची म्हणून पुण्याहून जपून आणलेल्या स्पिरिटची बाटली होती ती. माझी धोतरं, अंगरखे, टॉवेल, सगळं त्यात न्हाऊन निघालं. मुरुडच्या नारळीखालून चालताना माझ्या आगेमागे असा काही दर्प चालला होता की समोरून येणारी माणसं वाट सोडून उभी राहत. खाणावळीच्या मालकांनी तोंडानं काही विचारलं नाही. पंगतीपासून दोन हात लांब माझं पान मांडलं आणि मुलींना माजघरात पाठवलं. आमच्याकडे पुण्यात अशा वेळी चार शब्द ऐकवले असते. इथं त्यांनी मला न बोलता दोनदा कढी वाढली. नारळाच्या दुधातली ती कढी इतकी चांगली होती की मी खुलासा करायचं विसरून गेलो.

राजपुरीची खाडी

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून होडीनं खाडी ओलांडायची होती. होडीवाले हसनमियां म्हातारे, पण वल्ह्यावर हात तरुणाचा. उजव्या हाताला पाण्यात किल्ला होता. त्याच्याकडे त्यांनी किंवा मी, कुणीच बघितलं नाही. ते माझ्या ट्रंकेकडे बघत होते आणि वास घेत होते. शेवटी मी सगळं खरं सांगितलं. स्पिरिट कशाला, तर गोम ठेवायला. गोम कशाला, तर तिचं वर्णन लिहायला. त्यांनी वल्हं मारता मारता बराच विचार केला.

“खुदानं तिला एवढे पाय दिले तरी ती जमिनीत लपून बसते,” ते म्हणाले, “आणि तुमी दोन पायांवर तिला गाठणार. तुमची हिंमत मोठी हाय, साहेब.”

दिघीला उतरताना त्यांनी माझा हात धरून मला उतरवलं आणि गोम मिळाली तर परत जाताना दाखवून जा म्हणाले. मी कबूल केलं. पुढं बैलगाडी होती, डोंगर होता आणि गाडीवान होता. तिघंही सारखेच सावकाश. बोर्ली मागं पडली, वाट उतरू लागली, आणि एकाएकी ऊन नाहीसं झालं. दिवेआगरच्या वाड्या सुरू झाल्या की असंच होतं. वर सुपारीचे आणि माडांचे शेंडे एकमेकांत मिसळलेले, खाली ओली काळसर माती, मधून पाटाचं पाणी, आणि कुठंतरी रहाट कुरकुरत असतो. समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आमच्या देशावर माणूस सावलीसाठी झाड शोधतो. इथं लोक उन्हासाठी अंगण शोधतात, कारण सुपारी वाळवायला ऊन लागतं.

दिवेआगर

बापू ओटीवरच होता. त्यानं मला मिठी मारली, लगेच सोडलं आणि आत हाक मारून सांगितलं की मास्तर आलेत, पण सुधारून आलेत. स्पिरिटची गोष्ट ऐकून तो इतका हसला की पान थुंकायला त्याला अंगणात जावं लागलं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझी ट्रंक थेट विहिरीवर नेली आणि सगळे कपडे रिठ्यानं धुवायला टाकले. संध्याकाळी मी बापूचं धोतर नेसून घावन आणि नारळाचं दूध खात बसलो होतो. पुण्यात आमच्याकडे नारळ फोडायला काहीतरी निमित्त लागतं. इथं स्वयंपाकघरात नारळ पाण्यासारखा वापरतात आणि पाहुण्यानं पोटावर हात ठेवून ‘पुरे’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘थोडं थांबून वाढा’ असा घेतात.

वहिनींबद्दल थोडं सांगायला हवं. उंच, सावळ्या, बोलणं कमी आणि नजर तिखट. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही, पण त्या पाखाडीत, म्हणजे आळीत, एकही बाळंतपण त्यांच्यावाचून होत नाही. कुणाची लेक पहिल्या खेपेला आली की वहिनींना निरोप जातो. शेक, धुरी, अळीव, डिंकाचे लाडू, बाळाला तेल लावणं, हे सगळं त्यांच्या हाती. आणि त्यांनी एकदा सांगितलं की बाळंतिणीची आईसुद्धा उलट बोलत नाही.

स्पिरिटचा प्रश्न बापूनं सोडवला. शेजारच्या रामजी भंडाऱ्याची परवान्याची भट्टी होती. त्यानं माडाची दोनदा गाळलेली दारू दिली. काडी लावून पाहिली तर निळी जळली, म्हणजे माझ्या कामाची. पण ती बाटली वहिनींच्या घरात येणं शक्य नव्हतं. ओटीवरही नाही, पडवीतही नाही. शेवटी ती गोठ्यात आढ्याला टांगली. रोज सकाळी मी गोठ्यात जाऊन तिचं बूच तपासून येई, आणि वाटेनं जाणाऱ्या बायका माझ्याकडे पाहून डोकीवरचा पदर पुढं ओढून घेत.

माती खणायला धाकू नावाचा गडी मिळाला. पन्नाशीचा, हाडकुळा, कुदळ जपून मारणारा. मला मुळांजवळची ओली माती हवी होती, बापूला मुळं हवी होती आणि धाकूला यातलं काहीच नको होतं. “मालक, पोफळीच्या बुडाशी खणतात का कुनी?” असं तो बापूला रोज विचारी, आणि बापू रोज त्याला सांगे की शहाणे खणत नाहीत. आम्ही वाडीच्या एका टोकापासून सुरुवात केली. गांडुळं निघाली, गोगलगायी निघाल्या, बापूच्या आजोबांच्या काळातला एक अडकित्ता निघाला, तो वहिनींनी धुऊन पुसून फडताळात ठेवला. गोम निघेना. संध्याकाळी मी केवड्याच्या बनाच्या कडेनं वाळूवर फेऱ्या मारी आणि त्या परदेशातल्या गृहस्थांचा विचार करी. माझ्या मनात ते जाडजूड होते, पाईप ओढत होते आणि त्यांच्या टेबलावर अख्खी गोम होती. मला त्यांचा फार राग येई.

सुट्टी संपत आली होती. एका दुपारी पाटाच्या कडेला धाकूनं कुदळ मारली आणि नारळाएवढं एक ढेकूळ बाजूला टाकलं. पडताना ते दुभंगलं. आत लिंबाएवढी पोकळी होती, आणि त्या पोकळीत ती होती.

अख्खी होती. हळदीत कुंकवाचं बोट बुडवावं तसा रंग, लांबी वितीला जरा कमी. पण ती सरळ नव्हती. वेटोळं करून बसली होती, आणि वेटोळ्याच्या मध्ये साबुदाण्यासारखी अंडी होती. तिनं ती सगळ्या पायांनी पोटाशी धरली होती. मी वाचलं होतं की अशा गोमा अंड्यांवर बसतात, पण वाचणं वेगळं. मी तिथंच चिखलात बसलो. धाकूनं बापूला हाक मारली की मास्तरांना काहीतरी चावलं.

बापू आला, वहिनीही आल्या. मी भिंग वहिनींच्या हातात दिलं. त्या वाकून बराच वेळ बघत होत्या.

“ही तर बाळंतीण आहे,” त्या म्हणाल्या.

मी आनंदानं हो म्हणालो आणि धाकूला म्हटलं की गोठ्यातली बाटली आण. वहिनींनी भिंग खाली ठेवलं आणि धाकूकडे नुसतं पाहिलं. धाकू जागचा हलला नाही.

“बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “घर तर तुम्ही मोडलंतच. आता पोरं हिंडती फिरती होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. मग ती तुमची.”

मी खूप समजावलं. ही गोम आहे, माणूस नव्हे. माझी सुट्टी तीनच दिवसांत संपते. परदेशातले गृहस्थ आहेत. विभागाचे मुख्य आहेत. एक वर्षाचा माझा ध्यास आहे. वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि धाकूला रुंद तोंडाचं गाडगं आणायला पाठवलं. मी बापूकडे पाहिलं. बापू पोफळीच्या शेंड्याकडे बघत होता. बाळंतपणाच्या बाबतीत त्या घरात त्याला मत नव्हतं.

ढेकूळ दोन्ही हातांनी, जराही न हलवता, वहिनींनी गाडग्यात उतरवलं, भोवती पाटाकडची ओली माती घातली आणि ते बाळंतिणीच्या खोलीत नेलं. माजघराला लागून असलेली, दिवसाही अंधारी, गार खोली. पाखाडीतल्या कितीतरी लेकी तिथं बाळंत झाल्या असतील. गाडग्यावर झाकण ठेवून वहिनींनी त्याच्यावर वाडीत सापडलेला तो अडकित्ता ठेवला. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात, नजर लागू नये, वाईट काही फिरकू नये म्हणून. मला गंमत वाटली. रात्री जेवताना वहिनींनी विचारलं की सटवी सहाव्या दिवशी कपाळावर लिहिते म्हणतात, हिला कपाळ आहे का. मी सांगितलं, आहे, आणि त्याच कपाळासाठी मी पुण्याहून आलो आहे. त्या पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका पाहायला आल्या. एकीनं खारका आणल्या. त्या अर्थात मी खाल्ल्या.

निघायच्या आदल्या दुपारी घर निजलं होतं. बापूचं घोरणं ओटीवरून येत होतं, वहिनी मागच्या पडवीत कलंडल्या होत्या. माझ्या खिशात चिमटा होता. गोम उचलायला किती वेळ लागतो? अंडी तिथंच राहतील, वरून माती ओढून टाकली की झालं. कुणाला काय कळणार? मी खोलीत गेलो आणि गाडग्यापाशी बसलो. झाकणावर अडकित्ता होता. तो बाजूला ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मी हात पुढं केला आणि मला तो उचलवेना. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ते लोखंड तिथं ठेवताना ज्यांपासून जपायचं असं वहिनींच्या मनात आलं असेल, त्या सगळ्यांत त्या घटकेला घरात मी एकटाच होतो. मला स्वतःचा राग आला, वहिनींचा आला आणि त्या गोमेचाही आला. चिमटा खिशात घालून मी बाहेर आलो आणि बापूला उठवून चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं निघालो. वहिनींनी एवढंच विचारलं की मातीत ओल किती ठेवायची. मी सांगितलं की मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये. त्या म्हणाल्या, “म्हणजे लाडवाच्या पाकासारखी. कळलं.” खाडीवर हसनमियांनी गोम विचारली. मी म्हटलं, ती बाळंतीण आहे. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि सुखरूप सुटो म्हणाले. विभागाच्या मुख्यांना मी जेव्हा हेच कारण सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला बेडकांच्या वर्गाला पाठवलं. ते महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. टपालवाला दिसला की वाटे, याच्या पिशवीत त्या परदेशी गृहस्थांचा छापील लेख असणार.

पुन्हा दिवेआगर

नाताळची सुट्टी लागली आणि मी परत तीच वाट धरली. या वेळी बाटली फुटू नये म्हणून मी ती आणलीच नाही. रामजीची बाटली गोठ्यात होतीच. हवा गार होती, वाडीच्या खळ्यात सुपारी पसरली होती, आणि बापू ओटीवर सुपारी निवडत बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, “मास्तर, आजोळी सगळे खुशाल आहेत.”

वहिनींनी मला पाणीही पिऊ न देता सगळं सांगितलं. इतकं बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. माझं भिंग बापूकडेच राहिलं होतं, त्यातून त्या रोज पाहत होत्या. गोमेनं अंडी कधी खाली टेकू दिली नाहीत. ती एकेक अंडं तोंडाशी घेई, चाटून स्वच्छ करी आणि परत पोटाशी घेई. ढेकळाच्या एका बाजूला बुरशी धरली होती, ती वहिनींनी काडीनं काढली. मग अंड्यांतून पांढरी, लुळी पोरं निघाली, त्यांना पाय आहेत की नाहीत तेही कळेना. त्यांनाही तिनं तसंच धरून ठेवलं. त्यांनी दोनदा कात टाकली. “आणि एवढ्या दिवसांत तिनं स्वतः काही खाल्लं नाही, भाऊजी. मी बारीक गांडुळं टाकून पाहिली. तोंड फिरवलं तिनं. असली अडाणी बाळंतीण मी पाहिली नाही.” हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की जणू पाखाडीतल्या एखाद्या हट्टी पोरीबद्दल बोलत आहेत. मी सगळं टिपून घेतलं. अशा गोमेची इतकी हकीकत आपल्याकडे कुणी लिहिलेली मला तरी ठाऊक नाही.

सव्वा महिना उलटल्यावर पोरं गाडग्याच्या कडेनं फिरू लागली, तेव्हा वहिनींनी ती पाटाच्या कडेला, जिथं ढेकूळ निघालं होतं तिथंच सोडली. आईला मात्र माझ्यासाठी ठेवलं होतं. शब्द दिला होता ना, त्या म्हणाल्या.

दुपारी गाडगं ओटीवर आलं. वहिनींनी स्वतः अडकित्ता काढला. गोम बारीक झाली होती, रंग उतरला होता, पण अंगावर एकही पाय कमी नव्हता. मी तिला ताटलीत घेतलं आणि जिवंतपणी पाहायचं ते सगळं पाहून घेतलं. मग धाकूला सांगून गोठ्यातली बाटली आणवली आणि ती ओटीच्या पायरीवर ठेवली. वहिनींनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे कशाला?” त्यांनी विचारलं.

बाटली माझ्या कामाला लागते एवढंच त्यांना ठाऊक होतं, कशी लागते ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी नेहमी ‘घेऊन जायची आहे’ असं म्हणत आलो, आणि त्या समजल्या होत्या की पुण्यात पोपट पाळतात तशी मी ती पाळणार. बापूला ठाऊक होतं, पण त्यानं खाली बघून सुपारी निवडायला सुरुवात केली. मी सांगितलं. दारूत बुडवायची, म्हणजे ती मरते आणि टिकते. टिकली तरच वर्णन करता येतं, आणि पुढं ज्याला शंका येईल त्याला तीच दाखवावी लागते. सांगताना मला फार वाईट वाटत होतं. तरी ती मला हवीच होती, हेही तितकंच खरं.

वहिनी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “तिला कळेल?”

“फार वेळ नाही,” मी म्हटलं.

“पोरं मार्गी लागली तिची,” त्या म्हणाल्या. उठून आत गेल्या आणि कुंकवाची कोयरी आणि चार तांदूळ घेऊन आल्या. कुंकवाचं बोट ताटलीच्या काठाला लावलं, तांदूळ तिच्या शेजारी ठेवले. मग वाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्या निघून जातील, पण गेल्या नाहीत. मी माझं काम केलं.

नंतर तिला ताटलीत घेऊन मी सूर्यप्रकाशात भिंग धरलं. शेवटच्या पायांच्या बुडाशी, जिथं तिच्या भावकीतल्या सगळ्यांना छिद्रं असतात, तिथं एकही छिद्र नव्हतं. गुळगुळीत होतं. घराणं नवंच होतं. मी बापूला ओरडून सांगितलं आणि बापूनं हातातली सुपारी टाकून माझ्या पाठीत असा धपाटा मारला की भिंग पडता पडता राहिलं. वर्णन अलीकडेच इंग्रजीत छापून आलं. परदेशी गृहस्थांना ती मिळाली नव्हती. त्यांनी मला फार सौजन्यानं अभिनंदनाचं पत्र लिहिलं, आणि माझ्या मनातला त्यांचा पाईप मी काढून घेतला. वर्णनात सगळं आहे: जबडा, विषाची नखी, पाय, गुळगुळीत बुडं, आणि सव्वा महिन्याची हकीकतही.

पण त्या दुपारी एक काम उरलं होतं. बाटलीत शिसपेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी सोडावी लागते, गाव आणि जिनं किंवा ज्यानं जीव मिळवला त्याचं नाव. नाहीतर पुढच्या माणसाला त्या जिवाचा ठाव लागत नाही. मी ‘दिवेआगर’ लिहिलं आणि थांबलो. खणायला मी सांगितलं होतं, कुदळ धाकूनं मारली होती; पण ती अख्खी माझ्या हातात आली ती वहिनींमुळे. मी म्हटलं, इथं मी तुमचं नाव लिहिणार. आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्यांचं नाव मला ठाऊकच नाही. मी बापूला विचारलं. बापू बायकोचं नाव कसं घेणार? तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि आढ्याकडे बघू लागला.

“ही चिठ्ठी बाटलीतच राहणार?” वहिनींनी विचारलं.

“कायमची,” मी म्हटलं. “तिच्या अंगाशी.”

त्यांनी वाकून बाटलीत पाहिलं.

“मग मथू लिहा,” त्या म्हणाल्या. “माझं माहेरचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर दुसरं लिहिलं, तेव्हापासून त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही. मुलगी लांब सासरी निघाली की बरोबर पाठराखीण देतात, भाऊजी. ते जाऊ दे तिच्यासोबत.”

मी मथू लिहिलं, चिठ्ठी आत सोडली आणि बूच लावलं. वहिनींनी ती बाटली माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि माझी ट्रंक भरेपर्यंत घरात, माजघरात नेऊन ठेवली.